चुंबकाची गादी

चुंबकाने दुखणं थांबतं का, असं मला संधिवाताच्या दवाखान्यातल्या बाकावर कोणी ना कोणी विचारतंच. माझी वाकडी झालेली बोटं बघून लोकांना वाटतं, या बाईने सगळं करून पाहिलं असणार. खरंच आहे ते. मेथी, लसूण, निरगुडीचा शेक, गुडघ्याला एरंडाची पानं, सगळं झालंय.

मागच्या खेपेला खराडीच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या शेतावर आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि मुलगा तिथल्याच गाड्यांचं कंत्राट बघतो. गुडघ्याला त्यांनी चुंबकाचा पट्टा बांधला होता. मला म्हणाल्या, "ताई, ह्यानं गुण येतो म्हणत्यात. खरं हाय का वो?"

मी विचारलं, "तुमच्या घरात कोणाच्या छातीत मशीन बसवलंय का? हृदयाचं?"

"न्हाई बा. मालकांना साखर हाय, पन गोळीवर हाय."

"मग बांधा. पण कातडी फुटली असेल तिथे नको. गोळ्या बंद करू नका. आणि नातवंडं लहान असतील तर पट्ट्यातलं चुंबक सुटून त्यांच्या पोटात जाणार नाही, एवढं बघा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं होतं गुण येतो का, आणि मी उत्तर दिलं होतं भलतंच. नीट उत्तर द्यायचं तर वेळ लागतो, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. म्हणून इथे लिहिते आहे.

मोसंबी

मी सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्याकडे टाइपरायटर जाऊन संगणक आले त्याच सुमारास माझी बोटं सकाळी आखडायला लागली. साहजिकच सगळ्यांनी संगणकाला दोष दिला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला यंत्राची सवय नाही." मलाही ते पटलं. पण मग कपडे पिळताना मनगटं का दुखत होती, हे साहेबांना विचारायचं राहून गेलं.

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी माझं एकेक बोट दाबून पाहिलं. रक्ताचे कागद चाळले आणि म्हणाले, "संधिवात आहे. हा समूळ जात नाही. ताब्यात ठेवता येतो." एवढंच. मागे अजून वीस माणसं ताटकळत होती, डॉक्टरांचा तरी काय दोष. मी उठले, पर्स घेतली, दार उघडायला गेले आणि मूठ फिरवता येईना. ह्यांनी मागून हात घालून दार उघडलं.

हे म्हणजे माझे यजमान. सरकारी छापखान्यात आयुष्य काढून तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. आम्ही रिक्षाने येरवड्याला घरी निघालो. चौकात रिक्षा थांबवली आणि मोसंबी घेतली. आजारपण म्हणजे मोसंबी, एवढंच त्यांना सुचलं. घरी आल्यावर मी रडले, तेव्हाही त्यांनी मोसंबीच सोलून पुढे केली.

मला मरणाची भीती वाटली नव्हती. दुसऱ्याच्या हाताने जगायची वाटली होती. आणि ते लवकरच सुरू झालं. ब्लाउजचे हुक, वेणी, डब्याचं झाकण. हे सकाळी माझे हुक लावायचे तेव्हा नजर खिडकीबाहेर ठेवायचे, जणू काही दुसरंच काम चाललंय. तो त्यांचा मोठेपणा होता. पण पाठमोरं उभं राहून रोज तो घेणं मला जड जायचं, हेही खरं.

रात्री झोप नसायची. कूस बदलायची तर खांदे, खुबे, बोटं सगळ्यांची परवानगी काढावी लागायची. संधिवात झालेल्या माणसाला विचारा, दुखणं एक वेळ सोसतं, जागरण सोसत नाही. जागरणाने माणूस चिडका आणि कोता होतो. मीही झाले.

गादी घरात आली

आमचा पराग तेव्हा खराडीच्या एका कंपनीत नवा नवा लागला होता. त्याच्या ऑफिसातल्या मुलांना साखळीची लागण झाली होती. आपण वस्तू घ्यायची, मग खाली आणखी चारजणांना घ्यायला लावायची, त्यांनी आणखी चौघांना. रविवारी टाय बांधून हॉलमध्ये सभा. परागने आम्हाला एकदा नेलं. तिथल्या एका मुलाने ह्यांना आडवा हात धरायला सांगितला आणि तो खाली दाबला. मग पायाखाली चुंबकाची पट्टी ठेवून पुन्हा दाबला. "बघा अंकल, आता ताकद वाढली की नाही?"

हे म्हणाले, "तू दुसऱ्यांदा कमी दाबलंस." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चुंबक लोखंड ओढतं हे शाळेत शिकलो होतो. नातेवाईकही ओढतं, हे आज कळलं."

तरी गादी आली. परागने आणली, माझ्यासाठी. पलंगभर मोठी, जाडजूड, आतून ठिकठिकाणी चपट्या चुंबकांच्या चकत्या शिवलेल्या. बरोबर इंग्रजी पुस्तक आणि रक्ताभिसरणाची रंगीत चित्रं.

आमच्या घरात अशी गोष्ट सहजासहजी शिरत नाही, हे इथे सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडेदोरे, ताईत, अंगारे सगळं नदीत सोडलं होतं. ती गोष्ट आमच्याकडे प्रत्येक सुनेला आल्याबरोबर ऐकवतात. परागला लहानपणी कावीळ झाली तेव्हा शेजारणीने उतारा सुचवला, तर सासऱ्यांनी तिला चहासुद्धा विचारला नाही. त्या घरात मी तांब्याचं कडं घालायला काढलं, तर हे म्हणाले, "अण्णा असते तर काय म्हणाले असते?" मी कडं काढून ठेवलं.

पण गादीला कोणी काही म्हणालं नाही. ती इंग्रजीतून आली होती. इंजिनिअर मुलाने आणली होती. तिला दोरा नव्हता, कुंकू नव्हतं. ती विज्ञानात बसत होती.

आणि मला झोप लागली. हे मी खोटं सांगणार नाही. पहिल्या आठवड्यातच लागली. चुंबकाने लागली, की गादी जाड होती म्हणून, की मुलाने आणली म्हणून, मला ठरवता येत नाही. मला कारण नको होतं, झोप हवी होती. मी इतकी हुरळले की आठवड्यातून एकदा घ्यायची संधिवाताची गोळी परस्पर बंद केली. दीड-दोन महिन्यांनी बोटं अशी सुजली की अंगठी कापून काढावी लागली. डॉक्टर चिडले नाहीत, पण सावकाश बोलले, आणि ते जास्त लागलं. "गादीवर खुशाल झोपा. पण सूज गोळीने उतरते. चुंबकामुळे तुम्हाला दुखणं कमी जाणवलं असेल, तरी सांधे आतून झिजतच असतात." गोळी पुन्हा सुरू झाली. वाकडी झालेली दोन बोटं मात्र सरळ झाली नाहीत.

ह्यांचं पडणं

त्यानंतर वर्षभराने हे विहारात वंदनेला बसले असताना एका बाजूला कलंडले. लोकांना वाटलं डुलकी लागली. दवाखान्यात कळलं की हृदय मध्येच ठोका विसरतंय. छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवायचं ठरलं.

त्या दिवसांत मी रुग्णाची बायको होते, रुग्ण नव्हते, आणि माझ्या सांध्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या लोखंडी खुर्चीत बसून माझे गुडघे अडकायचे. सकाळी फरशी पुसणारी मावशी मला हात देऊन उठवायची आणि म्हणायची, "पेशंट नक्की कोन हाय?" ह्यांना हसू यायचं, पण टाके दुखतात म्हणून ते हसायचे नाहीत.

घरी सोडताना सिस्टरने समोर बसवून सगळं नीट सांगितलं. डावा हात वर करू नका. मोबाईल डाव्या खिशात ठेवू नका. मग विचारलं, "काका, अंगावर गंडा, ताईत, चुंबकाचं कडं, असलं काही घालता का? घालत असाल तर काढून टाका."

हे ताठ बसले. म्हणाले, "सिस्टर, आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरात असलं काही नसतं. माझ्या वडिलांनी छप्पन सालीच नदीत सोडलंय."

मीसुद्धा अभिमानाने मान हलवली. चांगली जोरात हलवली. सिस्टर म्हणाली, "छान," आणि पुढच्या सूचनेकडे वळली. गादी आमच्या दोघांच्याही मनात आली नाही. तिला आम्ही घरात चुंबक म्हणतच नव्हतो. ती परागची गादी होती.

दुपारची झोप

टाके भरले तसे हे पुन्हा पालथे झोपायला लागले, ती त्यांची लहानपणापासूनची सवय. दुपारी जेवून दोघं आडवे व्हायचो. थोड्या वेळाने मला जाग यायची, तर हे पलंगाच्या कडेला छातीवर हात ठेवून बसलेले. रात्रीही कधीकधी तसंच.

"काय झालं?"

"काही नाही. आमटीला खोबरं जास्त झालं."

मी खोबरं बंद केलं. मग तूर बंद केली. दवाखान्यात दाखवलं, तर ईसीजीचा कागद चांगला आला. तिथे पलंगावर पडून त्यांना काहीच होत नव्हतं. पुन्हा महिनाभराने तेच. छातीत एकसारखं धडधडतं, डोकं हलकं होतं, उठून बसलं की जातं. एवढंच मला सांगायचे, तेही चिमट्यात धरून काढल्यावर.

पराग रविवारी येऊन म्हणाला, "आई, बाबांनी स्ट्रेस घेतलाय. त्यांना मेडिटेशन करायला सांग."

"करतोय," हे आतून म्हणाले. "मन छातीवरून हलत नाही."

घरात कुरबुरी वाढल्या. मला वाटायचं हे काहीतरी लपवताहेत. परागला वाटायचं मी उगाच घाबरवते. मधे परागने आम्हाला त्याच्या खराडीच्या भाड्याच्या घरी आठवडाभर नेलं. तिथे ह्यांना एकदाही काही झालं नाही. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर वारा चांगला येतो. मी मात्र तिथे एक दिवसही धड झोपले नाही, बोटं पेटली होती. मला घरच्या गादीची आठवण येत होती आणि मी ती ह्यांच्याजवळ रोज बोलून दाखवत होते.

तपासणी

सहा महिन्यांनी पेसमेकरच्या तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. ह्यांना उताणं झोपवलं, तारा लावल्या आणि कप्प्यातून एक काळी गोल चकती काढली, मध्ये भोक असलेली.

"काका, हे चुंबक आहे. आता मी ते पेसमेकरवर धरणार. थोडा वेळ ठोके जलद पडतील, घाबरू नका. बॅटरी तपासायची ही पद्धतच आहे."

चकती छातीवर टेकवली तशी पडद्यावरची रेघ बदलली. उंचवटे जवळजवळ आले, सगळे सारख्या अंतरावर. मी खुर्चीतून बघत होते.

"काही जाणवतंय का?"

"जाणवतंय," हे म्हणाले. "ओळखीचं आहे."

"ओळखीचं म्हणजे?"

हे छताकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. आणि ते माझ्याकडे बघत नाहीत, यावरूनच मला कळलं. 

"डॉक्टर," मी म्हटलं, "आमच्या पलंगावर चुंबकाची गादी आहे."

बाईंनी चकती बाजूला घेतली. रेघ पूर्ववत झाली. "काका झोपतात कसे?"

"पालथे."

त्यांनी चकती कप्प्यात ठेवली. मग त्यांनी समजावून सांगितलं आणि मी तेच इथे सांगते. पेसमेकर एरवी हृदयाचं ऐकतो. हृदय स्वतः ठोका देत असेल तर तो गप्प बसतो. चुंबक फार जवळ आलं की तो ऐकणं सोडतो आणि आपलाच ठोका रेटत राहतो. दवाखान्यात, समोर पडदा असताना, थोड्या वेळासाठी हे चालतं. घरी रोज, झोपेत, नको. हृदयाचा आणि यंत्राचा ठोका नको त्या वेळी एकमेकांवर आदळला, तर जिवावर बेतू शकतं.

"मग इतके दिवस काही झालं कसं नाही?" मी विचारलं.

"झालं नाही, हे चांगलं झालं," त्या म्हणाल्या. याहून जास्त त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मग माझ्या हातांकडे बघून त्यांनी विचारलं, "गादी तुमच्यासाठी घेतली होती का, काकू?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की तुमच्या छातीत काही नाही, तुम्हाला तिच्यापासून तसा अपाय नाही. फक्त ती काकांच्या पलंगावर नको. हाताला चुंबकाचा पट्टा बांधला असेल तर तो हात त्यांच्या छातीवर नको. सोपं आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने सोपंच होतं.

नंतर

संध्याकाळी पराग आला. साखळी त्याने केव्हाच सोडली होती, आत्याकडचे लोक त्यापायी आमच्याशी बोलायचे बंद झाले होते तेव्हाच. त्याने गादी उचलली, तशी ती मध्येच वाकली आणि तो तिच्यासकट भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हे म्हणाले, "आईसाठी आणली होतीस. त्यात तुझं काही चुकलं नाही. आता ती हॉलमधल्या दिवाणावर टाक, आई तिथे झोपेल."

पराग गेल्यावर मी पलंगावर जुनी कापसाची गादी घातली. चादरीचं एक टोक ह्यांनी धरलं, कारण माझ्या बोटांना ती ओढून बसवता येत नाही. मी विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"खराडीला. तिथे आठवडाभर काही नाही, आणि इथे आल्यावर पहिल्याच दुपारी झालं. छापखान्यात छपाई बिघडली की आधी काय बदललंय ते बघायचो. बदलली होती ती गादी."

"आणि बोलला नाहीत?"

त्यांनी चादरीची घडी सरळ केली. "तू झोपत होतीस."

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. माझ्या झोपेखातर हा माणूस रोज दुपारी छाती धरून उठत होता आणि आमटीतल्या खोबऱ्याला नावं ठेवत होता. एखाद्या दिवशी मी जागी झाले असते आणि तो झाला नसता. मी ते त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "तेवढा कुठे विचार केला. उताणा झोपायला लागलो होतो. झोपेत वळायचो, त्याला काय करणार?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हुक त्यांनीच लावले, पण मी बोलले नाही. एवढं कोणी आपल्यासाठी करावं, ही मला शिक्षाच वाटली, आणि अजून वाटते.

दिवाणावर मी थोडे दिवस झोपून पाहिलं. गादी तीच होती, झोप काही आली नाही. कान बंद दाराकडे लागलेले असायचे. शेवटी मी परत पलंगावर आले आणि गादी परागच्या घरी माळ्यावर गेली. कोणाला देऊन टाकायला सांगितलं असतं, पण घेणाऱ्याच्या घरात कोणाच्या छातीत काय आहे, हे आपल्याला कुठे माहीत असतं? आणि तेही आमच्यासारखेच ताठ मानेने नाही म्हणतील.

तेव्हा ज्यांना चुंबक वापरायचं आहे त्यांनी जरूर वापरावं. डॉक्टर म्हणतात उपयोगाचा पक्का पुरावा नाही, मी म्हणते मला झोप लागत होती. दोन्ही खरं असेल. फक्त आपल्या शेजारी कोण झोपतं, त्याच्या छातीत काय आहे, हे आधी बघा. दवाखान्यात विचारलं तर अंगावरचं तेवढं सांगू नका, अंगाखालचंही सांगा. आणि घरात एकमेकांपासून त्रास लपवू नका. हे शेवटचं मी बाकावर भेटणाऱ्या सगळ्यांना बजावून सांगते.

ह्यांच्या छातीतली धडधड त्या दिवसापासून थांबली आहे. माझं दुखणं चालू आहे. हिवाळ्यात जास्त. दुपारी जेवून आम्ही दोघं कापसाच्या गादीवर आडवे होतो. बोटं, मनगटं, खांदे पेटलेले असतात, कुठलीच कूस मानवत नाही. थोड्या वेळाने हे हळूच विचारतात, "झोप लागली का?" नाही म्हटलं तर ते उद्याच परागला फोन करून गादी आणायला सांगतील आणि स्वतः हॉलमध्ये जाऊन एकटे झोपतील, हे मला ठाऊक आहे. मी डोळे मिटून, श्वास सावकाश सोडत पडून राहते. ते घोरायला लागले की डोळे उघडते.